मेत्सोच्या रानातल्या फिती

साइमीचा संशयी स्वभाव साऱ्या कुह्मो गावाला ठाऊक. पोस्टमन हसला तरी ही म्हणणार, "याच्या मनात काय शिजतंय?" नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. घरामागच्या जुन्या पाइनच्या रानात दर वसंतात मेत्सो, म्हणजे तिकडचे मोठे काळे रानकोंबडे, पहाटे शेपट्या फुलवून नाचायला जमत. रान भावाचं, ओइवाचं. वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. पण त्या कोंबड्यांवर हिचा फार जीव.

त्या वसंतात पक्षी बघायला तार्मो नावाचा एक शहरी माणूस तिच्याकडे उतरला. पहाटे रानातल्या आडोशाच्या तंबूत बसल्यावर हा कोंबड्यांपेक्षा झाडंच जास्त न्याहाळतो, असं तिच्या डोक्यात बसलं. त्यात त्यानं विचारलं, "हे रान कुणाचं हो?"

"का? विकत घ्यायचंय?"

"अहो, सहज विचारलं."

"सहज कुणी काही विचारत नसतं."

दुसऱ्या दिवशी तो ओइवाच्या घरी जाऊन मग रानातून येताना दिसला. खिशातून लाल फीत लोंबत होती. लाकूडतोडीची हद्द फितीनं आखतात, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं. घ्या, झालं! साइमीनं त्याची पिशवी उचलून पायरीवर ठेवली.

"बाई, ऐकून तर घ्या, त्या फिती..."

"ओइवाला ऐकव जा. चालता हो."

दार लावून ती तडक रानात गेली. झाडाझाडाची फीत ओरबाडून काढली आणि सगळ्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत घातल्या. कसं हाणून पाडलं, म्हणून स्वतःवरच खूश होती.

हिवाळ्यात तरीही तोडीचं यंत्र आलंच. साइमी खिडकीशी बसून भावाला शिव्याशाप देत राहिली. काम आटोपल्यावर यंत्रवाला ऊब घ्यायला दारात आला. कॉफीला तिथं वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. तिनं कप आदळला.

"झालं ना ओइवाच्या मनासारखं?"

"कसलं हो. आत्ता येऊन बघितलं न् मटकन बर्फातच बसला. मला म्हणाला होता, फिती बांधलेली झाडं सोडायची, तिथं माझ्या बहिणीचे कोंबडे नाचतात. कुणा शहरी माणसानं त्याला फार गळ घातली होती म्हणे. मी सगळं रान पालथं घातलं, एक फीत दिसेना. म्हटलं, यानं बेत बदलला असेल. तोडलं सगळं."

साइमीनं किटली खाली ठेवली.

"कुणीतरी काढल्या बघा," तो म्हणाला. "तुमचा कुणावर संशय?"

"संशय नाही," साइमी म्हणाली. "मीच काढल्या."