भावाचा उजवा हात

माझा धाकटा भाऊ गोल्फ खेळतो, असं इथे सुरतच्या डिंडोलीत कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. त्यांना वाटतं मी चेष्टा करतेय. आमचे बाबा बुलढाण्याकडून सुरतेत आले आणि पॉवरलूमवर आयुष्यभर उभे राहिले. भाऊ दहावीनंतर हजीऱ्याच्या बाजूच्या गोल्फ मैदानावर साहेब लोकांच्या बॅगा उचलायला जाऊ लागला आणि तिथेच खेळ शिकला. आता तो व्यावसायिक खेळाडू आहे. यंदा पहिल्यांदाच त्याला देशातल्या मोठ्या चॅम्पियनशिपमध्ये जागा मिळाली. स्पर्धा दिल्लीला आहे.

ही बातमी आली त्याच आठवड्यात मला त्याचा हात दिसला.

रविवार होता. बाहेरच्या खोलीत त्याने गालिच्याची एक पट्टी अंथरली होती आणि टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला होता. चेंडू अगदी जवळून होलमध्ये ढकलायची जी काठी असते, तिला पटर म्हणतात. तो पटर घेऊन उभा होता आणि मी उंबऱ्याजवळ मेथी निवडत होते. पेला हातभर अंतरावर. त्याने पटर मागे नेला, आणि चेंडूला लागायच्या क्षणी त्याचा उजवा हात मुंगी चावल्यासारखा उडाला. चेंडू जाऊन कपाटाला आपटला. भावाने चेंडूकडे पाहिलंच नाही. तो हाताकडे बघत राहिला. मग मी पाहिलं का, म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले.

मी टेक्स्टाइल मार्केटमध्ये साड्या तपासते. कापडातला तुटका धागा माझ्या नजरेतून सुटत नाही. त्या दिवशी मात्र वाटलं, हे दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

कारण बाबांचंही असंच उजव्या हातापासून सुरू झालं होतं. आधी नुसता अंगठा हलायचा. थकवा आहे म्हणून त्यांनी कितीतरी महिने अंगावर काढलं. मग तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि बाबांचं लूमवर जाणं थांबलं. आता ते घरी बसून असतात आणि त्यांचा हात मांडीवर आपोआप थरथरत असतो.

त्या रविवारनंतर मी दोघांवर नजर ठेवू लागले. भाऊ चहाचा कप डाव्या हाताने धरू लागला होता. एकदा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, बाबांचं सुरू झालं तेव्हा त्यांचं वय काय होतं गं?"

"पन्नाशी ओलांडली होती."

"आपल्यात आधी कुणाला होतं?"

"माहीत नाही. का?"

"काही नाही, असंच."

आणि बाबा? भावाची मोटारसायकल गल्लीत वाजली की ते उजवा हात मांडीखाली दाबून बसत. तो यायच्या आधीच घाईघाईने जेवून घेत, म्हणजे सांडलेलं त्याला दिसू नये. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. तिघांनाही सगळं कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बाहेरच्या खोलीतून चेंडू कपाटाला लागल्याचा आवाज आला की माझं पोळ्या लाटणं थांबायचं.

शेवटी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी त्याला गाठलं. "डॉक्टरांकडे जाऊ."

"स्पर्धा झाल्यावर."

"तोवर कशाला थांबायचं?"

"त्यांनी हो म्हटलं तर मी तिथे उभा कसा राहू, ताई? आता निदान माहीत तरी नाही."

"माहीत नाही म्हणून काय बरा उभा राहतोयस? जेवतसुद्धा नाहीस धड."

त्याने हातातला ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि खाली निघून गेला. पुढचे काही दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. जायची तारीख जवळ येत होती.

कोंडी बाबांनी फोडली. संध्याकाळी भाऊ मैदानावरून आला तेव्हा ते जेवले नव्हते. त्यांनी त्याला हाक मारली. "इकडं बस. तुहा हात दे."

भाऊ दारातच थबकला, मग त्यांच्याजवळ येऊन बसला. बाबांनी मांडीखालचा हात बाहेर काढला आणि त्या थरथरत्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"मले काय दिसत नाई? तू मले पाहून राह्यला, अन मी तुले. भेव मलेबी हाय. मह्या डॉक्टरले दाखवू. मी येतो संगं."

भावाने हात सोडवून घेतला नाही.

डॉक्टर गुजराती आहेत, पण बाबांशी मराठीत बोलतात. त्यांनी भावाला बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, चालायला लावलं. मग विचारलं, "काठी आणली आहे?" आम्ही पटर आणि एक चेंडू चादरीत गुंडाळून आणला होता. पण त्यांनी आधी बाहेर बसलेल्या एका आजोबांची चालायची काठी मागून घेतली. त्या काठीने भावाने पुन्हा पुन्हा चेंडू ढकलला. हात शांत होता. मग पटर हातात दिला. थोड्याच वेळात हात उडाला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर मात्र खुर्चीत मागे टेकले. "काकांचा हात निवांत असताना थरथरतो. याचा फक्त हे एकच काम करताना उडतो. हा तो आजार वाटत नाही. बऱ्याच खेळाडूंना असं होतं. टेन्शनने आणखी वाढतं."

"गोळी?" मी विचारलं.

"गोळीने जाणार नाही. पकड बदलून बघा. आणि दोन-तीन महिन्यांनी परत दाखवा."

मला वाटलं होतं, बाहेर आल्यावर भाऊ हसेल. बाबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं. भाऊ रिक्षाची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आजार असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं. आता चूक माझीच, ताई."

मी समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने हात उलटे केले. उजवा हात खाली असायचा, तो वर घेतला आणि डावा खाली. इतक्या वर्षांची सवय अशी ऐन वेळी मोडायची, म्हणून मैदानावरच्या एका जुन्या खेळाडूने त्याला वेड्यात काढलं. सुरुवातीला चेंडू कुठेही जायचे. हात उडायचा कमी झाला, पण नेम गेला. तो चिडायचा, पटर कोपऱ्यात ठेवायचा, पुन्हा उचलायचा. निघायच्या दिवशीसुद्धा बरं झालंय असं तो म्हणाला नाही. "बघू," एवढंच म्हणाला आणि बॅग खांद्यावर टाकून स्टेशनला गेला.

काल त्याचा फोन आला. तिथलं गवत फार बारीक कापलंय, चेंडू पटर टेकताच पळतो. सरावात हात एकदा उडाला.

"उलट्या पकडीतसुद्धा?"

"हो. पण मी तसाच खेळत राहिलो."

उद्या स्पर्धा सुरू होतेय. इतक्या वर्षांत बाबांनी या खेळाबद्दल मला कधी काही विचारलं नव्हतं. आज दुपारी विचारलं, जिंकतं कोण? मी सांगितलं, ज्याला सगळ्यात कमी फटके लागतात तो. त्यांना ते काही केल्या पटेना. मग मी सांगितलं की पहिल्या दोन दिवसांत ज्यांचे फटके जास्त होतात, अशा निम्म्याहून जास्त खेळाडूंना घरी परतावं लागतं.

त्यांनी माझा फोन उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे ते दोन दिवस त्याले फोन करू नको."