आधी आंघोळ, मग डुकरं

लोह्याला जनावरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात कौसाबाईंनी मला आंघोळीला बसवलं. फाटकाबाहेर बादली, साबण आणि वर त्यांच्या नवऱ्याची लुंगी-बनियन. "डाक्टर, तुमी धा गोठे फिरून आलाव. माझ्या पोरी सोवळ्यातल्या हायत." पोरी म्हणजे डुकरिणी.

डुकरं पाळली म्हणून भावकीने पंगतीला बोलावणं सोडलं, तेव्हा बाई खूश झाल्या. "बरं झालं. तितकी मानसं कमी, तितके रोग कमी." एक पुढारी फार्म बघायला आले आणि फाटकावरच शिंकले. "सायेब, मानसाचा फ्लू डुकराला लागतो. बरं वाटलं की या." मी गाडीमागे जाऊन मनसोक्त हसून घेतलं.

एकदा त्यांच्या डुकरांच्या रक्तात सर्को नावाचा विषाणू निघाला. बाई आकांत करतील म्हणून मी समजावू लागलो: हा बहुतेक फार्मवर निघतोच, धडधाकट डुकरातही दोन-चार विषाणू मुक्कामाला असतातच. "म्हंजे माझ्या सासरवानी," त्या म्हणाल्या. "दीर-नणंदा ऱ्हानारच. घर पेटवनारा तेवढा येऊ नये."

पेटवणारा म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवर. लस नाही, औषध नाही, आणि माणसाच्या चपलेवरूनही येतो. तो भोकरला त्यांच्या धाकट्या भावाच्या, नामदेवच्या फार्मवर शिरला. उरलीसुरली डुकरंही सरकारी पथकाने मारून पुरली.

पाठोपाठ भाऊबीज आली. नामदेवला आत येऊ देऊ नका, हे सरकारी माणसाने सांगितलेलं बरं, म्हणून बाईंनी मला फाटकाबाहेर उभं केलं. नामदेव नवा शर्ट घालून आला. बाईंनी आतूनच, लांबून ओवाळलं.

"आक्के, एक बी न्हाई ऱ्हायलं गं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मी सरकारी तोंड उघडेपर्यंत बाईंनी ताट खाली ठेवलं, फाटक उघडलं आणि भावाला पोटाशी धरलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

तो गेल्यावर त्या आत गेल्याच नाहीत. अंगावरचं लुगडं जाळलं आणि रस्त्यापलीकडे लिंबाखाली बाज टाकली. मी म्हटलं, चांगली आंघोळ करा आणि चार दिवसांनी जा.

"चार दिवस कमी हायत. आता मी बी भायेरचीच."

त्यांच्या कळपाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि नेमकी त्यांची लाडकी डुकरीण व्यायला आली. बाई बाजेवरून नवऱ्याला ओरडून ओरडून सूचना देत होत्या, मध्येच शिव्याही. अखेर ते एक पिल्लू फडक्यात गुंडाळून फाटकाशी आले.

"मागं सरा, मालक! माझ्या अंगावर रोग असंल!"

ते मागे सरले आणि पिल्लू दोन्ही हातांनी उंच धरलं. बाईंनी पदराने डोळे पुसले, बराच वेळ न्याहाळलं.

"नाक नामदेववानी हाय," त्या म्हणाल्या.