डाव्या हाताची खूण

नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, "सोबत घरचं मोठं कोणी आलंय?"

"मीच मोठी आहे. सांगा," मी म्हटलं. बाजूच्या खुर्चीत माझे मालक डावा हात मांडीवर धरून बसले होते.

"मोटर न्यूरॉन डिसीज." म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. हातपाय जातात, बोलणं जातं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शाबूत राहते. औषधानं वेग थोडा कमी होतो, आजार माघारी फिरत नाही.

यांनी एकच विचारलं, "गाडी?"

डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली.

वणीत आमचं मोटारसायकलचं गॅरेज. महिन्यातून एका रविवारी हे कोळशाच्या बंद डेपोतल्या डांबरी यार्डात रायडरना शिकवायचे. त्याला ट्रॅक डे म्हणतात. राजूरहून, चंद्रपूरहून पोरं-पोरी यायच्या. "रस्ते कमी पडले का तुमाले, गोल गोल फिराले?" असं मी चिडवायची. हेल्मेटमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार डाव्या हाताच्या खुणांवर. सीटच्या मागे थाप मारली की माझ्या मागे ये. काही फेऱ्यांनी पंजा मागून पुढे हलवला की आता तू पुढे जा, मी मागून बघतो. तीच खूण मिळवायला सगळे यायचे.

त्याच हातानं क्लच दाबवेना, तेव्हा यांनी क्लचची केबल बदलली. तीनदा बदलली. "आजकालच्या मालात दमच नाही राह्यला," म्हणून केबलवाल्यांच्या नावानं खडे फोडले. मलाही खरं वाटलं. मग एक दिवस शर्टाची बटणं लागेनात. बटणाला कुठं केबल असते? तेव्हा आम्ही दवाखाना गाठला.

ईएमजी नावाची तपासणी झाली, म्हणजे सुया टोचून स्नायूंतली वीज पाहतात. हे हूं की चूं न करता पडून राहिले. बाहेर बाकावर मात्र माझा जीव टांगणीला लागला होता.

पुढं बोलणंही गेलं. मग घरात त्याच खुणा चालू झाल्या. पलंगावर थाप म्हणजे इकडे ये. पंजा खाली दाबला की हळू, घास मोठा झाला. "जयभीम सर" म्हणत रायडर भेटायला यायचे, गप्पा हाणायचे आणि अंगणात जाऊन रडायचे. मी चहा घेऊन गेले की डोळे पुसायचे.

पावसाळा सरता सरता दम अडकला आणि पुन्हा नागपूर. तोंडावर बायपॅप लावला, म्हणजे मास्कमधून हवा ढकलणारं मशीन. डॉक्टर म्हणाले, "हे फार दिवस पुरणार नाही. ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी, आणि कायमचा व्हेंटिलेटर. करायचं की नाही, हे त्यांनाच विचारा."

मला पाहिजे होतं. स्पष्ट सांगते. श्वास मशीनचा असेना का, माणूस घरात असावा, एवढंच मला कळत होतं.

"हो म्हणा नं जी. मी आहो नं. कायले भेता?"

हो म्हणायचं असलं की हे डोळे मिटायचे. त्यांनी मिटले नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत होती, ती चादरीवर मागून पुढे सरकली.

मला कळलं. तरी मी म्हटलं, "पाणी पाह्यजे का?"

बोटं पुन्हा सरकली. माझ्याकडेच बघत होते.

"काय म्हणताहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले पुढं जा म्हणून राह्यले," मी सांगितलं, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. खूप रडले.

नळी घातली नाही. यांना घरी आणलं. दिवाळीच्या आधी एका दुपारी ते गेले, त्यांचा हात माझ्या हातात होता.

तुमच्या घरात हा आजार आला तर माणसाचं एखादं बोट हलतंय तोवर त्यालाच विचारा. उत्तर सोसवणार नाही, तरी विचारा. त्या डॉक्टरांनी मला विचारायला लावलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नाहीतर मी माझ्याच मनाचं केलं असतं.

त्या तीन केबल अजून गॅरेजात खिळ्याला टांगलेल्या आहेत. तिन्ही चांगल्या आहेत. गॅरेज आता मी आणि आमचा मेकॅनिक चालवतो. रविवारी रायडर बोलावतात तेव्हा यार्डातही जाते. तिथं यांचा पहिला नियम होता, पुढं गेलेल्यानं मागं वळून पाहायचं नाही. तेवढा अजून माझ्याच्यानं पाळला जात नाही.