भुलीतल्या मामाची मोटरसायकल

आधीच सांगून ठेवतो… पंचगंगेच्या स्मशानाशेजारी अमावस्येला बसून भेळ खाल्लेला माणूस आहे मी, आणि वर कांदा कमी घातला म्हणून भेळवाल्याशी भांडलेला. भूत, करणी, भानामती असलं काही सांगणारा भेटला की त्याला चहा पाजून वाटेला लावतो. मंगळवार पेठेत माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे आणि माझ्या बोलण्यातून चार आणे वजा करून घ्यायचे असतात, हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. याही गोष्टीतून करा वजा. फक्त म्हशीला आणि मनगटाला हात लावू नका. ते जसं घडलं तसंच लिहितोय.

गोष्ट नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हाची, दिवाळीच्या थोडी आधीची. माझा मामा बंडा, गंगावेशीत त्याचा म्हशींचा गोठा. तरुणपणी तालमीतला पैलवान. छाती अशी, की शर्टाचं कापड घ्यायला गेला की दुकानदार विचारायचा, "गादीला पाहिजे काय?" गोठ्यात म्हशी बऱ्याच, पण त्याचा जीव एकीवर. तिचं नाव पाखरी. हे पाखरू दारातून बाहेर पडताना चौकटीचा रंग घेऊन जायचं.

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं… दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात गवळी म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात. मालक पुढं मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेला, आणि म्हैस मागं, फक्त त्या आवाजावर. दुसऱ्या शंभर गाड्या बोंबलत गेल्या तरी ती मान वळवत नाही. पाखरीनं मामाच्या गाडीमागं पळताना एष्टीला ओव्हरटेक केलेलं मी स्वतः बघितलंय.

तर या मामाच्या पित्ताशयात खडे निघाले. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मामाला बीपीची गोळी रोज सकाळी चालू. डॉक्टरांनी नीट सांगितलं — मध्यरात्रीनंतर पोटात काही नको, आणि उद्या सकाळी बीपीची गोळीही नको. आजची रात्र इथंच झोपा म्हणाले, तर मामा, "मग धारा काय तुमी काढणार?" म्हणून घरी निघून आला. घरी येण्याआधी आणि आल्यावर त्यानं काय उद्योग केला, ते मला फार उशिरा कळलं.

सकाळी मामा थिएटरात गेला तो कुस्तीला निघाल्यासारखा, दंड थोपटत. मी आणि मामी बाहेर बाकावर. बराच वेळ सगळं शांत होतं. मग दार उघडलं, एक सिस्टर पळत गेली, पळत आली, हातात सलाईनच्या बाटल्या. मामीनं माझा दंड असा धरला की वळ उठला. आत काय चाललंय कुणी सांगेना. मला तिथं बसवेना, म्हणून मी खाली फाटकाशी आलो.

आणि समोरून पाखरी आली.

चालत नाही… पळत. पाडव्याला पळते तशी, मान पुढं, शेपूट वर, गळ्यात तुटलेलं दावं लोंबकळतंय. गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत, अख्ख्या गावाच्या गर्दीतनं. फाटकाशी आली आणि थांबली. तोंडाला फेस, नजर वरच्या मजल्यावर. थिएटर त्याच बाजूला होतं.

वॉचमन म्हणाला, "पावणं, म्हस हलवा की. पेशंट यायचं हाय."

"तूच हलव," मी म्हणालो. त्यानं एकदा शिंगांकडं बघितलं आणि स्टूल घेऊन आत जाऊन बसला.

वर गेलो तर भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम बाहेर आलेल्या. गडहिंग्लजकडच्या, बोलणं शांत, पण कपाळ घामानं भिजलेलं. म्हणाल्या, "ऑपरेशन झालंय. पण मधे बीपी फार खाली गेलं, आणि बराच वेळ वर येईना. सकाळी गोळी घेतली होती का यांनी?"

मामी पदराशी चाळा करत म्हणाली, "एक न्हाय. दोन."

"दोन? का?"

"बीपी जास्त भरलं तर आप्रेशन रद्द करत्याल म्हणत हुतं. आन् पाणीबी सोडलेलं."

"कधीपासून?"

"परवापासनं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुस्तीच्या आधी वजन भरताना पैलवान पाणी तोडतात, अंग हलकं करतात. याला आम्ही वजन मारणं म्हणतो. मामानं ऑपरेशनसाठी वजन मारलेलं. डॉक्टर काट्यावर उभा करणार आणि म्हणणार, वा, पास.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. "नळाला दाब नसला की पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही, तसंच किडनीचं आहे. अंगात पाणी नाही, त्यात गोळीनं दाब पाडलेला, वर भूल. किडनीला रक्त कमी पोचलं. आता लघवी होते का बघायचं. झाली तर सुटलो. नाही झाली तर डायलिसिसपर्यंत जाऊ शकतं."

मामाला खोलीत आणलं तेव्हा कॉटखाली लघवीची पिशवी लावली होती. कोरडी ठणठणीत.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. गवळी आले, तालमीतले आले, मामाच्या रतिबाची माणसं आली. सगळे वऱ्हांड्यात उभे राहून एका माणसाच्या लघवीची वाट बघतायत. कोल्हापुरात एवढी माणसं मी फक्त खासबागेच्या कुस्तीमैदानात बघितलीत. दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारायचं, "झाली?" आणि मी मान हलवायचो. मामी पिशवीपुढं बसलेली, देवापुढं बसावं तशी. मला विनोद सुचत नव्हता, यावरून काय ते समजा. खाली पाखरी हलायला तयार नव्हती. वैरण टाकली तरी तोंड लावेना.

ऊन कलल्यावर मामानं डोळे उघडले. ओठ सुकलेले. पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"पाखरी पोचली न्हवं?"

मी मामीकडं बघितलं. मामीनं माझ्याकडं. म्हैस खाली आहे हे त्याला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.

"लई किका मारल्या," मामा पुटपुटला. "सुरूच हुईना गाडी. मग एकदम पेटली. बिंदू चौकात मागं वळून बघितलं तर आली हुती की जवळ."

"गप पडा," मामी म्हणाली, आणि तिचं लक्ष खाली गेलं. नळीत काहीतरी पिवळं हललं. एक थेंब. मग दुसरा. मग धारच.

मी जिन्यावरनं ओरडत सुटलो, "झाली, झाली." खालच्या बाकावरच्या एका आजीनं विचारलं, "पोरगी व्हय?"

"लघवी, आजी."

"मोठी हो," म्हणाली बिचारी, नीट ऐकून न घेताच.

पुढं जे झालं त्याला मिरवणूक म्हणायला हरकत नाही. एकानं हलगी आणली, दुसरा गुलालाचं पोतं घेऊन आला. डॉक्टरांनी दोन्ही फाटकावर अडवलं, तर मंडळींनी सगळा गुलाल पाखरीवर उधळला. लाल झालेली ती म्हैस आता कुठं वैरण खायला लागली. पिशवी भरत होती आणि दर भरणीला फाटकाबाहेर टाळ्या पडत होत्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं मीटरच म्हणा, दोन दिवस थोडं चढलं, मग उतरलं ते उतरलंच. डायलिसिसचं नावही कुणाला काढावं लागलं नाही.

आता कोडं. मामाची गाडी त्या दिवशी सदा मेकॅनिककडं होती. पाडव्यासाठी खोललेली, इंजिनाचे तुकडे रॉकेलच्या ट्रेमध्ये. मी स्वतः जाऊन बघितले. तरी बिंदू चौकातला पानवाला शपथेवर सांगतो, "आवाज फुडं, म्हस मागं. मधी गाडीच न्हाय." मी म्हटलं, हा माझ्याहून मोठा थापाड्या. पण वाटेतल्याच पापाच्या तिकटीवरच्या चपलांच्या दुकानदारानंही तेच सांगितलं, आणि हे दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत.

टाके काढायला गेलो तेव्हा मॅडमना हे सगळं सांगितलं. हसतील म्हणून. त्या हसल्या नाहीत. दार लोटून घेतलं.

"औषध मी दिलंच होतं," त्या म्हणाल्या. "सलाईन धावतं सोडलं होतं. त्यानं बीपी चढतं, त्यात नवल नाही. पण पहिल्या इंजेक्शननं काही झालं नाही, आणि दुसरं मी सिरिंजमध्ये भरत होते तेव्हाच आकडा चढायला लागला. आणि दुसरं एक… ऑपरेशनसाठी आम्ही स्नायू पूर्ण सैल करतो. माणूस बोटसुद्धा हलवू शकत नाही. आणि त्याच वेळी तुमच्या मामांचं उजवं मनगट फिरत होतं. असं."

त्यांनी हात पुढं करून दाखवलं. मूठ वळलेली, मनगट खाली पिळत… अ‍ॅक्सिलरेटर.

इतकी वर्षं झाली. म्हशीला वासानं कळलं म्हणावं, तर वारा उलट्या दिशेचा होता. औषधाचा परिणाम म्हणावा, तर पहिल्यानं काही झालं नव्हतं आणि दुसरं अजून सिरिंजमध्येच होतं. मामाला एकदा सरळ विचारलं, बाबा, तू भुलीत टेबलावर होतास, मग पाखरीच्या पुढं होतं कोण?

मामा तांब्याभर पाणी घटाघटा प्याला, मिशी पुसली आणि माझ्याकडं बघितलं, अडाण्याकडं बघावं तसं.

"ती माझ्याबिगर कुणाच्या मागं पळती व्हय? न्हाय न्हवं? मग मीच हुतो की."