बारावी टोपली

आधीच स्वच्छ सांगून टाकतो... या सदरातल्या गोष्टी मी वाचतो त्या हसण्यासाठी. पिंपळ, पांढरी साडी, मागे वळून बघायचं नाही वगैरे वाचलं की मी बायकोला म्हणायचो, या मंडळींना संध्याकाळी हलकं जेवायला द्या कुणीतरी. चाळीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. अकरा म्हणजे अकरा, तिथे श्रद्धेचं काही काम नाही. आणि माझा आयुष्यातला एकुलता एक असा अनुभव नेमका अकरा आणि बाराच्या हिशेबातला आहे. तो भर सकाळी घडला, चांगलं ऊन होतं, आणि भोवती डझनभर धडधाकट माणसं होती.

गाव बऱ्हाणपूर, मोहल्ला राजपुरा. साल तेच, ज्या साली आम्ही झोपलो तेव्हा राजधानी नागपूर होती आणि उठलो तेव्हा भोपाळ झाली. नवा मध्य प्रदेश आला. कचेऱ्यांमध्ये याद्या लागल्या. मराठी बाबू लोकांत कुणी अकोल्याला निघालं, कुणी नागपूरला. घराघरात चर्चा की आपण आता कुठले? मी बावीस वर्षांचा, नुकता मास्तर झालेला. मला खरं सांगायचं तर एकाच ट्रान्सफर ऑर्डरची धास्ती होती — वसंतरावांच्या. वसंतराव म्हणजे आमच्या राजपुऱ्याच्या हुतूतू टीमचे कॅप्टन. आणि ती ऑर्डर आलीच. संक्रांतीच्या दोन दिवस आधी ते बायकोमुलं, ट्रंका घेऊन अकोल्याच्या गाडीत बसले. स्टेशनवर त्यांच्या सासूबाईंपेक्षा मी जास्त रडलो.

मी स्वतः कधी खेळलो नाही. छातीत दमच नव्हता. पण टीमचा गुण लिहिणारा मी, आणि वेडाही मीच. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे ते होळीपर्यंत, दर रविवारी. आसपासच्या आठ टीम. संक्रांतीला अर्धा सीझन संपला तेव्हा आम्ही तीन जिंकलो होतो, चार हरलो होतो. मी वहीत प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक लिहून ठेवायचो. बाबूलाल, किराणा दुकानवाल्यांचा — पकड मगरीची, एकदा घोटा धरला की सुटका नाही, पण चढाईला पाठवलं तर समोरच्या रेघेपर्यंत पोचायच्या आत श्वास संपायचा. पाटील बंधू — दोघेही उत्तम, पण केळी कापायला आली की रविवारी हजर राहतील याची खात्री नाही. बाकीचे मेहनती, आज्ञाधारक आणि सरळ सांगायचं तर सामान्य. वसंतराव गेल्यावर चढाई करणारा एकही माणूस उरला नव्हता. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी गाठ खकनारच्या टीमशी. मी वहीत खाली लिहिलं होतं, ‘दम असलेला माणूस मिळाला नाही तर शेवटचा नंबर नक्की.’

आणि तो माणूस मला ठाऊक होता.

राजघाटाच्या पलीकडे, नदीच्या वाळूत, संध्याकाळी खालच्या वस्तीतली पोरं खेळायची. त्यात किसन होता. दिवसा मालधक्क्यावर कापसाच्या गाठी उचलायचा, संध्याकाळी खेळायचा. त्याचा हुतूतू मी मनातल्या मनात मोजायचो, आणि त्याच्याबरोबर स्वतःचा श्वास धरून बघायचो. माझा दोनदा संपून तिसरा सुरू व्हायचा, तरी याचं आपलं चालूच. पण किसन खालच्या वस्तीतला. त्या वस्तीचं पाणी वेगळं, घाटही वेगळा. शिवाशिव पाळणं गुन्हा असल्याचा कायदा नुकताच झाला होता, आम्ही वर्गात मुलांना तो शिकवत होतो. आणि हुतूतू हा सगळा धरण्याचा, झोंबण्याचा, अंगावर पडण्याचा खेळ.

टीमची सूत्रं काकांकडे होती. काका म्हणजे जुने पैलवान, साठी उलटलेले, टीम त्यांनीच उभी केलेली. त्यांचा एक रिवाज होता. संक्रांतीपर्यंत मैदान टणक व्हायचं, गुडघे फुटायचे. मग संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळ्या बारा खेळाडूंनी राजघाटावरून तापीचा ओला गाळ टोपलीत भरून डोक्यावरून आणायचा आणि मैदानात ओतायचा. ज्याची टोपली मैदानात पडली, तो उरलेल्या सीझनसाठी टीममध्ये. आता ओल्या गाळाची भरलेली टोपली एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, समोरून दुसऱ्याने उचलून द्यावी लागते. म्हणून काकांचा नियम असा, की टोपली टीमच्याच माणसाने द्यायची. ज्याला टोपली द्यायला कुणी नाही, त्याला टीममध्ये जागा नाही.

मी काकांकडे किसनचं नाव काढलं. मारुतीच्या ओट्यावर सगळी टीम जमली होती. काका बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, “मले काही अडचण नही. दम असला तं सगळं असतं. पण त्याले टोपली कोन देईन?”

 बाबूलाल उठून थुंकून आला. पाटलांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली... गुण लिहिणाराही टीमचाच माणूस ना. आणि मी वहीत डोकं घातलं. आईचा चेहरा दिसला, हेडमास्तर दिसले, गल्ली दिसली. काका म्हणाले, “मंग झालं,” आणि विषय संपला.

इथवर भित्रेपणा. पुढे मी त्याहून वाईट केलं. मला टीममध्ये घेतील का, असं किसनने विचारलं तेव्हा नाही म्हणायचंही मला धैर्य झालं नाही. म्हणालो, “रविवारी टोपली घेऊन घाटावर ये, बघू.” आम्हा मास्तर लोकांचा हा ‘बघू’ फार वाईट. तो बिचारा खूश होऊन गेला.

रविवार उजाडला. रिवाजाप्रमाणे गुण लिहिणाऱ्याने मैदानातच बसायचं, जो टोपली ओतेल त्याचं नाव क्रमाने लिहायचं. कडुनिंबाखाली सतरंजीवर मी, शेजारी काका. घाटापासून मैदानापर्यंत पाव तासाची चढण. एकेक जण येत गेला, गाळ ओतत गेला, मी लिहीत गेलो. सकाळपासून मी त्या सतरंजीवरून उठलो नाही. हे मी शपथेवर सांगतो, आणि साक्षीला शेजारी काका होते. काकांनी दोनदा माझ्या तळहातावर तंबाखू ठेवली, दोनदा मी ती नको म्हणून परत केली. सगळा वेळ माझ्या डोक्यात किसन घाटावर एका कडेला उभा होता. उठून जावं असं वाटत होतं. मी नावं लिहीत राहिलो.

अकरावा बाबूलाल. घामाघूम होऊन आला, टोपली ओतली, आणि माझ्याकडे बघून जरा थबकला. मी त्याचं नाव लिहिलं. अकरा ढीग, अकरा नावं. काकांनी मैदानात फोडायचा नारळ हातात घेतला.

तेवढ्यात वेशीच्या बाजूने किसन आला. डोक्यावर काठोकाठ भरलेली टोपली, मान सरळ, गाळाचं पाणी कानशिलावरून गळ्यावर ओघळत होतं. कुणाकडे न बघता तो मैदानात शिरला आणि बाबूलालच्या ढिगाशेजारी त्याने टोपली रिकामी केली.

धाकट्या पाटलाने विचारलं, “तुले कुनी दिली टोपली?”

किसनने सरळ माझ्याकडे बोट केलं. “मास्तरनं दिली. आत्ताच तं दिली घाटावर.”

मला वाटलं पोरगा खोटं बोलतोय. घाटाला पायऱ्या आहेत, टोपली वरच्या पायरीवर ठेवून खालून डोकं लावलं तर जमवता येईल कसंबसं. जमवलं असेल आणि माझ्या ‘बघू’चा असा वचपा काढतोय. आणि खरं सांगतो, राग नाही आला, लाज वाटली. पण मग बाबूलाल बोलला. ज्याने एका शब्दाने किसनला हाकललं असतं, तोच चाचरत म्हणाला, “मी वर येताना मले भेटले ना मास्तर... वळणावर. खाली चालले होते. मी आवाज दिला, तं बोलले नही.” आणि सतरंजीकडे बघत राहिला.

मी काकांकडे वळलो. काका माझ्या हातांकडे पाहत होते. म्हणून मीही खाली पाहिलं.

दोन्ही हात मनगटापर्यंत गाळाने माखलेले. ताजा, काळा, ओला गाळ, नखांतसुद्धा. सदऱ्यावर छातीपाशी ओला पट्टा, भरलेली टोपली छातीला टेकवून उचलली की उमटतो तसा. आणि त्याच हाताच्या बोटांत पेन्सिल, मांडीवर वही. वहीच्या पानावर अकरा नावं, स्वच्छ, एक डाग नाही.

 काकांनी हळू आवाजात विचारलं, “मास्तर, टोपली तू दिली?”

हा प्रश्न विचारणारा माणूस सकाळपासून माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. मी कुठे गेलो नव्हतो हे त्याला माझ्याइतकंच पक्कं माहीत. खरं उत्तर ‘नाही’ होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर किसन खोटा ठरत होता, टोपली उचलून परत जात होता.  त्या क्षणी माझ्या मनाने एक गोष्ट घट्ट ठरवली, की आता हा माणूस परत जाणार नाही. काय व्हायचं ते होवो.

“हो,” मी म्हणालो, “मी दिली.”

काकांनी मला पुरतं न्याहाळलं. “हात धुऊन ये,” म्हणाले, “अन् त्याचं नाव लिही.”

मी बारावं नाव लिहिलं. माझ्या अक्षरात ते एकच नाव जरा मोठं आलंय.

पुढचा आठवडा सोपा गेला नाही. आईने माझं ताट वेगळं वाढलं, बाबूलालच्या वडिलांनी त्याला दोन रविवार दुकानातून सोडलं नाही. मी मात्र हट्टाला पेटलो होतो. रोज संध्याकाळी किसनला मैदानावर घेऊन जायचो, पाटील बंधूंच्या विनवण्या करून त्यांना समोर उभं करायचो. थोरला पाटील तिसऱ्या दिवशी त्याला धरायला लागला, मग धाकटा.

खकनारच्या सामन्यात गंमतच झाली. किसन चढाईला गेला की खकनारवाले धरायलाच तयार नाहीत. बाजूला सरायचे. हा आपला आरामात हात लावून परत, गुणांवर गुण. आमचे लोक नाचायला लागले. किसन मात्र चौथ्या चढाईनंतर मधल्या रेघेवर उभा राहिला आणि म्हणाला, “धरा. धरत नसान तं मी चाललो घरी. हा काही खेळ नही.”  पुढच्या चढाईला त्यांच्या म्हाताऱ्या कॅप्टनने झेप घालून त्याची कंबर धरली, दोघं धुळीत गडगडले, किसनचा दम तुटला आणि तो बाद झाला. ती मॅच आम्ही एका गुणाने हरलो. किसन आडवा पडून हसत होता, आणि मी वहीवर डोळे पुसत होतो. होळीपर्यंत आम्ही तिसऱ्या नंबरवर आलो. पहिला हवा होता, पण शेवटचा लिहून ठेवलेल्या टीमला तिसरा काही वाईट नव्हे.

आता स्पष्टीकरण. मी खूप शोधलं. आदल्या दिवशीचा गाळ म्हणावं, तर तो ओला कसा? मी तंद्रीत उठून गेलो म्हणावं, तर काका? जाऊन-येऊन अर्धा तास लागतो, आणि बाबूलाल वळणावर मला भेटून मैदानात पोचला तेव्हा मी इथे बसून त्याचं नाव लिहीत होतो. काकांना नंतर एकदा विचारलं. ते म्हणाले, “तू हललाच नही. मले मालूम हाय.” बस, एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

दुसऱ्या वर्षापासून किसनची टोपली मीच द्यायला लागलो, घाटावर उतरून, सगळ्यांसमोर. सलग नऊ वर्षं.

मागच्या उन्हाळ्यात किसनला भेटायला गेलो. आता तो काठी घेऊन चालतो, नातवाने खुर्ची दिली, चहा झाला. मी पुन्हा तेच विचारलं. खरं सांग, त्या दिवशी घाटावर कोण होतं?

“तुम्हीच होते, मास्तर,” तो म्हणाला. मग म्हणाला, “फक्त एक फरक होता. दुसऱ्या वर्षी तुम्ही टोपली उचलली ना, तव्हा आधी इकडंतिकडं पाहिलं, कोन पाहतंय म्हनून. त्या दिवशी नव्हतं पाहिलं.”