सत्तावीस नंबरचं बाक

अंबाजीला त्याच्या खात्यात कोणी अंबाजी म्हणत नसे, नंबरवाला म्हणत. देगलूरकडचा गडी. अठराव्या वर्षी हैदराबादेत आला, शिक्षण खात्यात अटेंडर म्हणजे शिपाई झाला, आणि पुढं पस्तीस वर्षं त्यानं जीव लावून एकच काम केलं. सरकारी सामानावर नंबर घालायचं. खुर्ची, टेबल, कपाट, पाण्याचं पिंप, काही सोडायचा नाही. पांढऱ्या रंगाचा डबा, बारीक ब्रश आणि बगलेत डेडस्टॉकचं रजिस्टर घेऊन वर्षातून एकदा शाळा-शाळांतून फिरायचा. रजिस्टरात आहे ते जागेवर आहे का, आणि जागेवर आहे ते रजिस्टरात आहे का, एवढंच बघायचं. त्याचा सात असा देखणा यायचा की दुसऱ्या खात्यातले लोक सुद्धा बघून म्हणायचे, हा अंबाजीचा हात.

बायको म्हणायची, "एक दिवस माझ्या बी पाठीवर नंबर घालताल."

"तुला घालून काय करू? तू कुठं हरवतीस?"

सत्त्याण्णव साल होतं. कुकटपल्लीला त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, घरात नुकतीच केबल आली होती. हपिसात एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यावर फुलाफुलाचं कापड टाकून ठेवलं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. गडी एकंदरीत खुशीत होता.

मार्चात तो अफझलगंजच्या मागं एका गल्लीतल्या शाळेत गेला. दोन वर्षांमागं भिंत खचली म्हणून ही शाळा बंद केलेली. मास्तर दुसरीकडं हलवले. भिंत पुढं नीट झाली, पण शाळा परत उघडायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. आत बत्तीस बाकं, बाहेर कुलूप, असं गेल्या वर्षीचं रजिस्टर सांगत होतं. कुलूप उघडं होतं. आतून तंबाखूचा असा भपकारा आला की अंबाजीला दारातच ठसका लागला.

वर्गात एकोणीस लेकरं विड्या वळत बसली होती. कोणी आठ वर्षांचं, कोणी दहा. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. आणि बाकांचे पाय करवतीनं कापून वीतभर ठेवलेले. लेकरांचे पाय जमिनीला टेकले की सूप मांडीवर हलत नाही, म्हणून.

खोटं कशाला सांगू, अंबाजीची नजर आधी बाकांवर गेली. लेकरांवर मग गेली.

कडंच्या पोरीला तो म्हणाला, "ऊठ गं जरा, नंबर बघू दे."

"उठले की दत्तोबाशेठ वरडतो."

"नाव काय तुझं?"

"रेणू."

"शाळंत जातीस का न्हाई?"

"ही शाळाच हाय की," रेणू म्हणाली. बोलताना तिचे हात थांबले नाहीत.

अंबाजीनं वाकून तिच्या पायामागं फळीच्या कडेला बघितलं. सत्तावीस. सात त्याचाच.

तेवढ्यात दत्तोबा आला. विड्यांचा ठेकेदार, उदगीरकडचा, अंबाजीच्या ओळखीतला. जुन्या राखणदाराकडून त्यानं किल्ली कधीच मिळवली होती.

"बाकं कोणी कापली?" अंबाजीनं विचारलं.

"म्याच कापली. पडूनच व्हती की."

"अन् ही लेकरं?"

"त्यांच्या आया आणून सोडतेत. म्या काय धरून आणली का? अंबाजी, तू आपल्याकडचा मानूस हाईस. चहा पी अन् जा. कायकू खालीपिली झमेला?"

अंबाजी चहा न पिता गेला. त्यानं कामगार खात्यात अर्ज दिला. तपासाला साहेब आले, पण त्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी वळली की पानवाल्याचं पोरगं शीळ घालायचं, आणि लेकरं मागच्या दारानं पसार. साहेब आत येईपर्यंत वर्ग झाडलेला. दत्तोबा हातात खराटा घेऊन उभा. "कुत्री शिरतेत साहेब, म्हनून बघाय आलो." दुसऱ्यांदा अर्ज दिला, दुसऱ्यांदा तेच झालं.

अंबाजीच्या डोक्यातून ती पोर जाईना. जेवताना बायकोला म्हणाला, "तिला म्हाईतच न्हाई बघ, शाळा कशाला म्हनतेत ते."

त्याचा भाचा मिलिंद वकिलीचं शिकत होता. कोठीच्या फुटपाथवरनं कायद्याची जुनी पुस्तकं आणून त्यानं घर भरलं होतं. रविवारी अंबाजी त्याच्याकडं जाऊन बसला.

"मामा, विडीच्या कामावर चौदा वर्षांच्या आतलं मूल ठेवलं तर तीन महिने ते एक वर्ष कैद, नाहीतर दंड," मिलिंदनं वाचून सांगितलं.

"अन् सरकारी बाक कापलं तर?"

मिलिंद हसला. पण मामा हसत नव्हता, म्हणून त्यानं दुसरं पुस्तक काढलं. "सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. पाच वर्षांपर्यंत कैद, वर दंड."

"परत वाच."

मिलिंदनं परत वाचलं.

"म्हंजी लाकडाच्या पायाला पाच अन् लेकराला एक?"

"असं तराजूत घालून कोणी ठरवत नसतं मामा. दोन वेगळे कायदे, वेगळ्या साली झालेले."

"आसू दे. दत्तोबाला कशाचं भ्याव घालायचं ते कळलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या साहेबांना, नामदेवरावांना, सगळं सांगितलं. नामदेवराव कमी बोलणारे. "शाई भरपूर घे," एवढंच म्हणाले. मग अंबाजी दत्तोबाला घेऊन इराण्याच्या हॉटेलात बसला. या खेपेला चहा त्यानंच सांगितला.

"गुरुवारी आमचे साहेब बाकं मोजाय येनार हाईत. लेकरांशी त्यांना काय करायचं न्हाई, त्यांचं खातं येगळं. पर बंद शाळंत बाकं कापलेली दिसली की नुकसान धरतेत. पाच वर्षं."

दत्तोबाची बशी तोंडापाशी थांबली. "मग बाकंच हलवतो."

"हलव की. मग चोरी."

"आरं मग करू काय मी?"

"चालू शाळंत लेकरांच्या उठण्या-बसण्यानं जे व्हतं त्याला झीज म्हनतेत. झिजीला कोनी इचारत न्हाई." एवढं बोलून अंबाजी बशीतला चहा फुंकायला लागला.

गुरुवारी शाळा भरली होती. एकोणीस लेकरं, डोस्क्याला तेल, हातात नव्या पाट्या. विड्या मोजणारा दत्तोबाचा मुनीम हातात पट्टी घेऊन मास्तर झाला होता. फळ्यावर दोनचा पाढा. तंबाखूचा वास मारायला कोपऱ्यात उदबत्त्यांचा एक पुडाच्या पुडा लावलेला.

नामदेवराव खुर्चीवर बसले. "शाळा चालू आहे?"

"हौ साहेब, रोज."

"कोण चालवतं?"

"मीच. समाजसेवा म्हना."

"लिहून द्या."

दत्तोबानं खुशीनं लिहून दिलं, खाली ऐसपैस सही ठोकली. नामदेवराव म्हणाले, "आता कोणत्या बाकावर कोण बसतं तेही सांगा." अंबाजीनं रजिस्टर उघडलं. एकेक लेकरू उठून नाव सांगत होतं आणि अंबाजी बाकाच्या नंबरापुढं ते लिहीत होता. बाकाच्या रजिस्टरात माणसाचं नाव त्यानं पस्तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. सत्तावीसपुढं रेणू आली.

शाई वाळल्यावर नामदेवराव उठले. "दत्तोबा, उद्यापासून नाव लिहिलेलं एक जरी बाक रिकामं दिसलं, तर ते वापरात नाही असं धरावं लागेल. मग कापलेले पाय झिजेत बसत नाहीत, नुकसानीत बसतात. बाकं शाबूत होईतोवर कापलेल्या पायांचा पंचनामा माझ्या फायलीत राहील. अंबाजी दर सोमवारी येत जाईल."

दत्तोबानं अंबाजीकडं बघितलं. अंबाजी पेनाला टोपण लावत होता.

बाहेर आल्यावर दत्तोबा म्हणाला, "गोड बोलून मारलंस मला."

"चहा बी पाजला की."

"अन् उन्हाळ्याची सुट्टी?"

"सुट्टी सरकारी शाळंला असती. तुझी तर समाजसेवा."

सोमवारी रेणूची आई कुसुमताई भांडायला आली. "पोर हाताशी आली व्हती, ती बाकाला बांधून ठिवलीस. घरातला खड्डा कोन भरनार, तू?" अंबाजीनं ऐकून घेतलं. बाईचं खोटं नव्हतं. मग तो दत्तोबाकडं गेला आणि म्हणाला, विड्या तर वळून पाहिजेत, मग पानं ह्या बायांनाच दे. दत्तोबानं कुरकुर केली आणि दिली, कारण त्याला दुसरे हात कुठं होते? पुढं दत्तोबाच्या त्या लेखी कागदावर शाळा चालू धरली गेली, जूनमध्ये खरे मास्तर आले, हजेरीवर महिन्याचा तांदूळ सुरू झाला, आणि कुसुमताईच पोरीला शाळेत पिटाळायला लागली. तोवर मुनीमच शिकवत होता. विड्या मोजून मोजून त्याचे पाढे पक्के, त्यानं लेकरांना बारापर्यंत नेलं. खरे मास्तर आले त्या दिवशी त्याचं तोंड उतरलेलं होतं.

मिलिंदला मात्र हे पटलं नाही. "मामा, त्याला शिक्षा व्हायला पाहिजे होती. एक वर्ष तर एक वर्ष."

"व्हायला पायजे व्हती, म्या कुठं न्हाई म्हनतो? तू वकील झालास की लढ, म्या साक्षीला येतो. पर तवर ती पोर दुसऱ्याचं सूप मांडीवर घिऊन बसली असती."

मिलिंदनं पुस्तक मिटलं, पण मान काही डोलावली नाही. त्याचं त्याच्यापाशी, ह्याचं ह्याच्यापाशी.

जुलैत दत्तोबानं स्वतःच्या पैशानं बत्तीस बाकांना सागवानी पाय जोडून दिले. फायलीतला पंचनामा त्याला झोपू देत नव्हता. अंबाजी डबा-ब्रश घेऊन गेला. हपिसात तेव्हा चर्चा होती की आता कॉम्प्युटरमधून छापलेल्या चिकटपट्ट्या लागणार. लागू देत, म्हणाला, तवर माझा रंग हाय.

एकेका पायावर नंबर घालत तो सत्तावीसपाशी आला. रेणू पाटीवर लिहीत होती. बाक आता उंच झालेलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, अधांतरी हेलकावे खात होते.

"पायाला बी नंबर?" तिनं विचारलं.

"पायालाच. सरकारी सामानाला पाय लई फुटतेत. हलवू नको, रंग वल्ला हाय."

तिनं खाली वाकून आकडा बघितला. "सत्तावीस," ती म्हणाली, आणि पाय हलवतच राहिली.