अक्कांनी ठेवून घेतलेली मुलं

अक्का लहान मुलाशी कधी उभ्याने बोलल्या नाहीत. गुडघ्यांत कितीही कळ असली तरी आधी उकिडव्या बसायच्या, आणि डोळ्याला डोळा भिडला की मगच तोंड उघडायच्या. एकदा तालुक्याचे साहेब अंगणवाडी बघायला आले, तेव्हा अक्का एका रडणाऱ्या मुलीपुढे अशाच बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा साहेब, हिचं सांगणं चाललंय." मुलगी तर नुसती हुंदके देत होती. साहेब मात्र थांबले.

पारोळ्याकडच्या त्या गावात मी पहिलीचा शिक्षक होतो. अमळनेरहून रोज एसटीने यायचो. माझ्या वर्गाच्या भिंतीला लागूनच अक्कांची अंगणवाडी. कागदावर त्या सेविका, पण सगळ्या गावाच्या अक्का. जून आला की त्यांची मुलं माझ्या वर्गात यायची. नव्या नोकरीच्या जोमात मी त्यांना म्हणालो, "अक्का, इकडे पाठवण्याआधी निदान अ-आ तरी गिरवून घ्या."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुरुजी, पहिलीला अक्षरं नाही लागत. 'मुताले जाऊ का' इतकं विचारायची हिंमत आली, की पोर शाळेत टिकतं. नाहीतर चड्डी ओली होते, बाकीचे हसतात, आणि ते पुन्हा येत नाही."

मुलांशी त्या अहिराणीच बोलायच्या. मी नाक मुरडलं तर म्हणाल्या, "पहिले त्याले त्याना बोलीमा हसू द्या. मंग तुमनी मराठी." आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिले आठ दिवस त्या स्वतः माझ्या वर्गात मागे पोत्यावर येऊन बसायच्या. आधी मला त्याचा राग येई. नंतर त्या एखाद्या वर्षी उशिरा आल्या की मीच दाराकडे बघत बसे.

दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जायचं. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या आणि मुलं. चार-पाच महिन्यांनी मुलं परत यायची, तेव्हा शिकलेलं सगळं पुसलेलं असायचं. अक्कांनी बायकांना मारुतीच्या पारावर बसवून मुलं गावात ठेवायला राजी केलं. ज्याची आजी आहे ते आजीकडे, ज्याची मावशी ते मावशीकडे. ज्याचं कोणीच नाही, ते अक्कांच्या घरी. रोज संध्याकाळी घरोघर जाऊन कोण जेवलं, कोण खोकतंय हे त्या बघून यायच्या. असं तीन-चार वर्षं चाललं. माझ्या वर्गात कोपरे भरले.

रेखा त्यांतलीच. पाच वर्षांची, पुढच्या जूनला माझ्याकडे येणारी. तिची आई सुमन तयार नव्हती. "मना जीव नही लागाव तठे," म्हणत होती. अक्का मला म्हणाल्या, "तुम्हीही एक शब्द टाका." मी टाकला. रेखा हुशार आहे, तिचं वर्ष वाया घालवू नका, असं बरंच बोललो. ट्रक निघाला तेव्हा रेखा त्याच्यामागे धावली. अक्कांनी तिला कडेवर उचललं आणि तशीच घरी नेली.

पौषात तिला ताप आला. अक्कांनी त्याच दिवशी औषध आणलं. ताप उतरला, पुन्हा चढला, तिसऱ्या सकाळी झटके आले. जीप करून आम्ही दोघं तिला धुळ्याला घेऊन गेलो. वाटभर ती अक्कांच्या मांडीवर होती. मेंदूत ताप गेलाय, डॉक्टर म्हणाले. त्यांनी खूप प्रयत्न केले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

सुमन आणि तिचा नवरा गुजरातेहून संध्याकाळच्या बसने दवाखान्यात पोहोचले. नवरा अक्कांसमोर उभा राहून म्हणाला, "तुनाजोडे कसाले ठेवी व्हती आम्ही तिले?" अक्कांनी हात जोडले. मी मागे उभा होतो. तो शब्द माझाही होता, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

अक्का आठव्या दिवशी कामावर आल्या. सगळं पूर्वीसारखं करायच्या, पण पुढच्या दिवाळीत पारावर बैठक झाली नाही. ट्रक मुलांसकट गेले. मी एकदा म्हणालो, "अक्का, तुमचा काही दोष नव्हता." त्या तांदूळ निवडत होत्या.

"दोष नव्हता, हे मला कळतं गुरुजी. पण पोरगीही नाही ना."

त्यानंतरच्या दिवाळीला मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा सुमन आली. कडेवर तीन वर्षांचा धाकटा, हातात त्याच्या कपड्यांचं गाठोडं. अक्का उठून भिंतीला टेकल्या.

"नको सुमन. माले भ्याव वाटस."

"माले बी वाटस," सुमन म्हणाली. "तठे उसना पाचटमा ठेवसू, तरी भ्यावच शे." मग थोडं थांबून म्हणाली, "रेखा तुना घर चार गाणा शिकनी. फोनवर म्हणे माले. तितलंच शे मनाजोडे."

तिने पोराला खाली उतरवलं. अक्कांनी त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या केसांत तोंड लपवलं. सुमनने गाठोडं ओसरीवर ठेवलं.

त्या हिवाळ्यात अक्का दिवसातून इतक्या वेळा त्याच्या कपाळाला हात लावायच्या, की त्या जवळ आल्या की ते पोर आपणहून कपाळ पुढे करायचं. होळीला सुमन परतली तेव्हा पोरगं गुबगुबीत झालं होतं, आणि अक्का अर्ध्या झाल्या होत्या. पण पारावरची बैठक पुन्हा सुरू झाली.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. यंदा दिवाळी सरल्यावर अक्का गेल्याचा फोन आला. सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला गेलो. पाहुण्यांची जेवणं आटोपली आणि मी अक्कांच्या ओसरीवर टेकलो. आत दहा-बारा मुलं ओळीने बसली होती. ताटं मांडत होती सुमन. तिचा नवरा एकटाच ऊसतोडीला गेला होता. अक्का आजारी पडल्या तेव्हाच तिने मुलांचं करायला घेतलं होतं.

"जमतंय का?" मी विचारलं.

"भ्याव वाटस," ती म्हणाली. वाढता वाढता तिचा हात जरा थांबला. "रेखा आते पाचवीमा ऱ्हाती, गुरुजी."

ओळीतलं एक पोर वरण मागत होतं. डोळे पदराला पुसून ती त्याला वाढायला वळली.